बोंडांचा लाल पाक

७ मार्च
हात पेटलेत नुसते! फड्या निवडुंगाची बोंडं काढायला गेले आणि चिमटा न्यायची आठवणच नाही — फडक्यानं धरली. बारीक कूस बोटांत शिरलं. मामंजी खोबरेल चोळता चोळता म्हणतात, "निवडुंगाशी लाडात येऊ नये गो!" सासरा आहे की वात्रट पोर!

मग बोंडं गवताच्या जाळावर फिरवली, राहिलेलं कूस जळलं. चिरून रस फडक्यातून गाळला, आलं-साखर घालून आटवला. काय रंग आलाय! माझा खोकला हटत नाही, त्यावर रामबाण म्हणतात. बघू या.

१० मार्च
रोज दोन चमचे घेते. खोकला आहे तिथेच.

१३ मार्च
मामंजींचं पुन्हा तेच टुमणं — "महाडला जा, छाती दाखव." कधी जाऊ? गडाच्या रोपवेला गर्दी, आमच्या टपरीवर पिठलं-भाकरीला माणसं खोळंबतात.

खरं सांगायचं तर भीती वाटते. आई अशीच खोकत दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. मलाही तसलंच काही सांगितलं तर? चिडून म्हटलं, "माझं मी बघते!" नंतर फार वाईट वाटलं. आई गेल्यावर माझ्यामागे असं कोण लागलंय?

रात्री घाम फार येतो. उन्हाळाच आहे म्हणा.

१५ मार्च
पाकाचं सरबत टपरीवर ठेवलं. गिऱ्हाइकांआधी मामंजींनीच तांब्याभर ढोसलं! "झकास झालंय गो!"

१६ मार्च
देवा रे! सकाळी संडासातून मामंजींची हाक — "समीक्षा! रगात!" बघते तर लघवी लालभडक. नवरा पहाटेच कामावर गेलेला. टपरी बंद केली, मिळाली त्या जीपनं महाड गाठलं. वाटभर मामंजी डोळे मिटून, माझा हात घट्ट धरून. मी खोकत होते आणि रडत होते.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. नंबर यायचाय. यांना काही झालं तर मी काय करू?

१६ मार्च, संध्याकाळ
आत गेल्या गेल्या मामंजी डॉक्टरांना म्हणाले, "मला काय झालेलं नाय. बोंडं खाल्ली की लघवी लालच होते, लहानपणापासून ठाव हाय मला. ही सून येतच नव्हती. हिची छाती बघा."

माझ्या छातीच्या फोटोत डाग आहे. थुंकी तपासायला दिली. टीबी निघाला तरी गोळ्यांनी बरा होतो, म्हणाले डॉक्टर.

लबाड म्हातारा! बाहेर आल्यावर माझ्या तोंडाला मास्क बांधताना मात्र त्यांनी गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली.