मांडणीच्या दोन फळ्या

सोलापूर
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप ईरम्माअक्कास,
गौरम्माचे शरणु शरणार्थी.

तुझ्या नंदीशसाठी अक्कलकोटच्या बसने पाठवलेली पिशवी पोचली. कडक भाकरी चांगल्या राहिल्यात, शेंगाचटणीची पुडी तेवढी फुटली. स्टँडवरून रिक्षाला साठ रुपये गेले. पुढच्या वेळी सकाळच्या बसने पाठव, हे फिरायला जातात तेव्हा घेऊन येतील.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून लिहिते. आपला पाय मुरगळलाय असं नंदीशने तुला सांगितलंय. मुरगळला नाही अक्का, मोडलाय. घाबरू नकोस. ऑपरेशन झालंय, पोरगा जेवतो.

गेल्या सोमवारी मी पूजा आटोपून उठत होते. माळ्यावरनं गादी काढताना शिडी सरकली नि तो खाली आला. गुडघ्याखाली पाय असा वाकला होता, की तिथं दुसरा गुडघा आहे वाटावं. मी तेल घेऊन धावले. आपले आप्पा ओढून सरळ करायचे, तसं करावं म्हणून टाच धरली. तो असा ओरडला की शेजारचे आले.

"आत्या, हात काढा."

आमची दिपाली. सून होऊन आल्यापासून मला उलटून एक शब्द बोललेली नाही. मी हात काढला.

तिनं मांडणीच्या दोन फळ्या उपसल्या. माझी भांडी घरंगळत गेली, तिकडं बघितलंसुद्धा नाही. फळ्यांना टॉवेल गुंडाळले, पाय होता तसाच मधे घेतला, पोकळी राहिली तिथं चादर कोंबली. दांडीवर माझी इरकल होती. जुनी देते म्हणेपर्यंत तिनं ती टरकावली. पट्ट्या मोडलेल्या जागेच्या वर नि खाली बांधल्या, त्या जागेवर नाही. बोटं उघडी ठेवली. अंगठ्याचं नख दाबायची. पांढरं व्हायचं, सोडलं की गुलाबी. बोटांपर्यंत रक्त पोचतंय म्हणाली. कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या शिबिरात शिकलेली.

आणि अक्का, त्याचं कण्हणं थांबलं. हाड मोडलेलंच, औषधाचा थेंब पोटात नाही, तरी थांबलं. इतकी वर्षं देवापुढं बसते, पण हात असे आपोआप कधी जुळले नव्हते. पोरगा घामाघूम, तरी म्हणतो, "मावशी, इरकल पहिल्यांदाच नेसलो की."

दवाखान्यात नेताना टेम्पोत ती खाली बसून सगळी वाट पायाकडं बघत होती. डॉक्टर म्हणाले, हाडाचं टोक शिरेला लागून होतं. आणखी ओढलं असतं तर पाय जायची भीती होती.

धनगराच्या पोरीच्या हातचं पाणी पिणार नाही म्हणून तू लग्नाला आली नाहीस. आता नंदीशला पाय टेकायचा नाही. त्याला उठवते-बसवते ती, पाणी देते ती. तो पितो.

पोरगं तुझं आहे, बघायला जीव तुटत असेल. ये. पण दारात तांब्या घेऊन तीच पुढं होईल, मी होणार नाही. येतेस का, ते उलट टपाली कळव.

तुझी धाकटी,
गौरम्मा