दारापाशी ठेवलेला डबा

ती. आईस,

थोरलीचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या छोटीचा दमा तसा आटोक्यात आहे, रात्रीचा खोकला सोडला तर. इथे जिन्यात सगळे सिगारेटी ओढतात आणि थोटकं तिथेच टाकतात. भांडून माझा घसा बसला. निदान कचरा तरी होऊ नये म्हणून मी दारापाशी वाळूचा डबा ठेवला, तर अख्खी इमारत आमच्याच दारात येऊन धूर सोडायला लागली. काल डबा उचलला, तर वरचे काका म्हणतात, "अहो, आमची सोय का काढलीत?"

आता दाराच्या फटीत ओली चादर कोंबून बसलेय.

आई, पोरीला ठेवून घेशील? माझ्याशिवाय ती झोपत नाही. पण तुझ्याकडे श्वास तरी घेईल.

तुझीच,
थोरली