थडग्याला खोबरेल

ॲशकोम, १७ मे १९८७

ती. दादास सुप्रभाचा शि. सा. न. वि. वि.

दगड कोरडा ठेवला की रुसतो, असं आई म्हणायची. दर शनिवारी देवळातल्या मूर्तीला तेल चोळताना. आठवतं?

आमच्या चर्चच्या आवारात तीनशे वर्षांपूर्वीचं थडगं आहे. झाकणावर एक बाई कोरलीय, कुशीत गुंडाळलेलं बाळ. जयंत दवाखान्यात गेला की मी तिथे जाऊन बसते. यंदाच्या थंडीत बाळाचा गाल भेगाळला. मला राहवेना. वहिनीने पाठवलेलं खोबरेल दोघांना लावलं, अगदी कानामागेसुद्धा.

आता दोघं काळी पडलीत. मऊ चुनखडीचा दगड, तेल आत मुरलं. सगळ्यांना वाटतंय, गवत कापणाऱ्या हॉजेसकाकांच्या मशीनचं तेल सांडलं. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चची समिती त्यांना कामावरून काढणार आहे. काय करू?

तुझी सुप्रभा

हॅरो, २० मे

चि. सुप्रभास अनेक आशीर्वाद.

वहिनी विचारते, वेणीही घातलीस का? अगं, आईची मूर्ती काळ्या पाषाणाची होती. एवढं तरी बघायचंस.

आता गप्प राहा. त्या गावात आपल्या लोकांचं तुमचं एकच घर. उद्या जयंतचे पेशंट तुटले तर? हॉजेस सत्तरीचा, तसाही रिटायर होईल. मी इथे वीस वर्षं कुणाच्या डोळ्यांवर न येता काढली, म्हणून निभावलं. तब्येत जप, आणि रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा दादा

ॲशकोम, २२ मे

ती. दादास सा. न.

रागावले नाही. पण काल हॉजेसकाका भेटले. म्हणाले, मशीन गळलंही असेल, हल्ली लक्षात राहत नाही. पहिल्या वर्षी मला कोथिंबिरीचा वाफा करून देणारा माणूस, माझ्या चुकीपायी स्वतःवरच संशय घेतोय. तिथेच त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, बोलू नकोस, तुला इथे राहायचंय. अगदी तुझ्यासारखं.

जयंतला सांगितलं. तो बराच वेळ बूट पुसत बसला, मग म्हणाला, सांगून टाक.

तर रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. मातीचे लेप दिले तर तेल हळूहळू ओढलं जातं, असं इथला पाथरवट म्हणतो. वर्ष लागेल. दर शनिवारी मी लावीन.

दादा, रविवारी तू ये. बोलू नकोस, नुसता माझ्या शेजारी उभा राहा. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी साडेनऊच्या गाडीला मी स्टेशनवर येते.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
सुप्रभा