सात खाचांचा दगड

३ ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडहून लोरेटाबाई इथे आयर्लंडला येताहेत, माझ्या आजोबांच्या बहिणीची नात. वय एक्याऐंशी. आजी जन्मली त्या घराला मरण्याआधी एकदा हात लावायचाय म्हणतात. योग्य माणसाकडे येताहेत. डर्कन घराण्याचा इतिहास आमच्या अख्ख्या मेयो परगण्यात माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही. पंधरा तारखेला गावच्या वारसा दिनाचं भाषणही माझंच. विषय: मुळं जपा.
किरकोळ अडचण एकच, घर नाही. बावीस वर्षांपूर्वी छप्पर कोसळलं, तेव्हा दगड वाया जाऊ नयेत म्हणून मी त्यांचा गोठा बांधला. याला घर पाडणं म्हणत नाहीत.

५ ऑगस्ट
तोडगा निघाला. शेजारच्या फेस्टस टार्पीचं पडकं घर दाखवायचं. भिंती झकास, वर वेल. फेस्टस म्हणाला, ते आमचं आहे. मी म्हटलं, एका दुपारपुरतं दे. अट्रॅक्टा म्हणते, खरं काय ते सांगून मोकळा हो. बायकोला इतिहासातलं कळत नाही.

८ ऑगस्ट
लोरेटाबाईंचं पत्र. घरात चुलीपुढे मोठा दगड होता म्हणे. मूल जन्मलं की पणजोबा त्यावर एक खाच पाडायचे. एकूण सात. त्यांवरून बोट फिरवायचंय.
गोठ्याच्या उंबऱ्याला मी जो दगड बसवलाय, त्यावर सात खाचा आहेत. सहांवर आडव्या रेघा. मला इतकी वर्षं वाटायचं, पावसात बूट घसरू नयेत म्हणून कुणीतरी केलेली सोय.
संध्याकाळी पहार लावून पाहिली. दगड जागचा हलला नाही, माझी कंबर मात्र धरली. वर गोणपाट टाकलं. प्रश्न मिटला.

१२ ऑगस्ट
टार्पींच्या भिंतीला कपाळ टेकून लोरेटाबाई रडल्या. मला जरा कसंतरी झालं. पण समाधान त्यांचं, भिंत कुणाची का असेना.
मग दगडाचं विचारलं. चोरीला गेला, म्हटलं. चुलीपुढचा दगड कोण नेईल, असं त्या हळूच म्हणाल्या. अशा निर्लज्ज लोकांबद्दल मी दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो. भाषणात घेता येईल. फेस्टस कुंपणापलीकडून सगळं ऐकत होता.
जेवण गेलं नाही. कंबरेमुळे असेल.
उद्या चहा, केक, निरोप. गोठ्याकडे न्यायचं नाही.

१३ ऑगस्ट, दुपार
चहा झाल्यावर गाई बघायच्या म्हणाल्या. चिखल आहे म्हटलं, तर पिशवीतून बूटच काढले.
गोणपाट जागेवर नव्हतं. अट्रॅक्टाने धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं. बावीस वर्षांत गोठ्यातलं काहीही धुतलेलं मी पाहिलेलं नाही.
लोरेटाबाई उंबऱ्याशी थांबल्या. माझा हात धरून खाली बसल्या. रुमालाने शेण पुसलं. खाचा मोजल्या. त्या काळी कसं असायचं, वगैरे मी काहीतरी सुरू केलं होतं, ते माझं मलाच ऐकवेना.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पोर अमेरिकेला गेलं की बाप त्याच्या खाचेवर आडवी रेघ मारायचा. ही शेवटची माझी आजी." मग माझं बोट धरून रेघ नसलेल्या खाचेवर ठेवलं. "आणि हा तुझा आजोबा. एकाला मागे ठेवलं होतं, मॅलकी. घर राखायला."

१५ ऑगस्ट
भाषणाला गेलो नाही. कंबर धरलीय असं कळवलं. ते खोटं नाही.
लोरेटाबाई परवाच परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, दगड असू दे तिथेच, फक्त त्याच्यावर पाय देऊ नकोस. मी कबूल केलं. मनापासून केलं.
आज सकाळी धारा काढायला गेलो. पाऊस होता, हातात दोन बादल्या होत्या, आणि सवयीने पाय नेमका त्या रेघ नसलेल्या खाचेवर पडला. बूट घसरला नाही.