हिरवा थर

दादा,

जुने उस्ताद चित्रकार चेहऱ्याला आधी हिरवट थर द्यायचे आणि तो वाळला की वर गुलाबी चढवायचे, हे तू पुस्तकांतून वाचून आम्हाला ऐकवायचास. आईचं चित्र मात्र हिरव्यावरच सोडून गेलास. कुणी विचारलं की ती म्हणायची, "थर वाळतोय. वाळला की येईल तो."

काल सकाळी आई गेली. शेजारच्या काकू रडत होत्या, मला काही रडू आलं नाही. मी तिच्या गालांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या चित्राकडे. रंग अगदी तोच होता. तुझा हात चांगला आहे, हे तेव्हा पटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. कळलं तर तू धावत येशील आणि तिला गुलाबी करायला बसशील.

तुझी,
धाकटी