राजानं दिलेला आशीर्वाद

जुनी इंदूर,
अनंत चतुर्दशीनंतरचा दिवस, १९९२

श्रीपादराव यांस श्रीकृष्णाचा सादर नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? (आपली बहीण उषा म्हणते, जिने टाळा. मी म्हणतो, पुणंच टाळा.) इकडे आम्ही ठीक. मिल बंदच आहे, पण पुढल्या महिन्यात भोंगा वाजेल असं मी म्हणतो आणि बाकी कोणी काही म्हणत नाही.

यंदा गणपतीत मंडळानं एका इंग्रज राजाचं नाटक केलं. अरुंधतीबाईंनी (पलासियात इंग्रजीचे क्लास घेतात) ते मराठीत आणलं. राजा गादी सोडत नाही, म्हणून मुलगा बंड करतो आणि भर दरबारात बापावर तलवार उपसतो. राजा मी. (मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी घेतानाचा माझा दरारा कामी येईल, असं बाई म्हणाल्या.) राजपुत्र आमचा निशांत, आपला भाचा. त्याला पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी ‘माझ्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही’ असं बजावलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्यामुळे तालमीत संवाद फार रंगले.

प्रयोगात तो दरबारात आला आणि श्रीपादराव, मी थक्क झालो. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागणारा हाच का तो? आवाजानं मांडव भरून टाकला. ‘महाराज, जिथे काही उरलंच नाही, त्या राज्याची राखण मी का करू?’ डोक्यावरचा मुकुट (मखराचा उरलेला सोनेरी कागद) मला एकाएकी जड झाला. पोरगा एवढा मोठा कधी झाला आणि मी कुठे बघत होतो, हेच कळेना. त्यानं तलवार उपसली. मग, कुठल्याही मोठ्या कामाआधी घरात करतो तसा, सवयीनं वाकून माझ्या पाया पडला. मी म्हणायचं होतं, ‘धरा या द्रोह्याला.’ मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, ‘यशस्वी हो.’

दोन्हीकडचं सैन्य गोंधळलं. पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं, ‘भिया, राजाने तो खुद परमिशन दे दी, अब लड़ाई काय की?’ पडदा पाडावा लागला. घरी उषा म्हणाली, सगळ्या जुन्या इंदूरदेखत दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही. मी म्हणालो, सवयीनं तोंडून गेलं, आता इलाज नाही.

आपला,
श्रीकृष्ण

ता. क. निशांत गुरुवारी पुण्याला पोचतो. खोली मिळेपर्यंत त्याला आपल्याकडे ठेवून घ्यावं. मीठ जरा जास्त लागतं त्याला, स्वतः मागणार नाही.

आणखी एक. हे उषाला कळवू नये. माझं वाक्य मला चोख पाठ होतं. बाई विंगेतून सांगतही होत्या. ते ऐकूही येत होतं.