कुणाची जमीन, कुणाचं चित्र

८ मार्च, शनिवार

कंटाळा आला त्या नोरीन आंटीचा! ऑस्ट्रेलियातली आदिवासी चित्रकार, माझ्याच वयाची. इथे नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टच्या संग्रहालयात महिनाभर मुलांना चित्रं शिकवतेय. जुई दर शनिवारी जाते आणि घरी येऊन तेच – आंटीने हे सांगितलं, आंटी ते म्हणाली. नऊ वर्षांची माझी नात. आमच्या डहाणूच्या चिकूच्या वाडीबद्दल एकदा तरी विचारलंय तिने?

९ मार्च

जेवताना पुन्हा. "आंटी फक्त तिच्या आजीच्या झऱ्याचंच चित्र काढते. शेजारची टेकडी तिच्या चुलतबहिणीची. विचारल्याशिवाय काढायची नाही!"

"किती छान ना, आई!" माझी लेक ऋजुता.

छान कसलं? वरण निवत होतं.

१५ मार्च

आज जुईला मीच घेऊन गेले. बघू तरी, म्हटलं.

बाई कॅनव्हास जमिनीवर पसरून मांडी घालून बसलेली. माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही, मला खुर्ची दिली. ठिपक्यांशेजारी ठिपके. "हे वरून बघायचं," ती म्हणाली. "इथे पाणी. ही अर्धवर्तुळं म्हणजे भोवती बसलेल्या बायका." जुई तिच्या खांद्याला टेकून ऐकत होती. माझ्या खांद्याला शेवटची कधी टेकली, आठवत नाही.

नोरीनला सहाव्या वर्षी सरकारी माणसांनी घरातून उचलून मिशनच्या शाळेत नेलं. आपली भाषा बोललं की खोलीत कोंडायचे. परत आली ती चाळिशीत. मावश्यांनी तिला चित्रं शिकवली. "एकेक जागा काढत गेले, तसं तिचं आमच्या भाषेतलं नाव तोंडात आलं," म्हणाली.

मीही कॉन्व्हेंटची. मराठी बोललं की आम्हाला बाकावर उभं करायचे. तरी सिस्टर अगाथा मला अजून आवडतात! पण मी चार वाजता घरी जायचे. घरी मराठी होती, आई होती. या बाईचं सगळं गेलं, आणि तिच्या हातात अख्खा मुलूख आहे. माझं काहीच गेलं नाही, आणि मला साधं झाड काढता येत नाही.

हेवा वाटतो. लिहिलं एकदाचं.

२२ मार्च

आज मुलांच्या आज्यांनाही बोलावलं होतं – आपापल्या मुलखाचं चित्र काढा. मी वारली चित्र काढलं. त्रिकोणांची माणसं, तारपा फुंकणारा वादक, गोल नाच. पडद्यांवर, कुर्त्यांवर बघून बघून पाठच झालंय. "वाव, आजी!" जुई ओरडली, आणि चक्क नोरीनला सोडून माझ्याकडे आली! काय सांगू, कितीतरी दिवसांनी!

नोरीनने वाकून पाहिलं. "तुझ्या लोकांचं?"

"हो, आमच्याकडचंच."

"तुझी आजी काढायची?"

"नाही... आमच्या वाडीत कामाला बायका यायच्या, वारली. त्या काढायच्या. लग्नात, भिंतीवर."

"त्यांना विचारलंस?"

रागाने नाही. शेजारीण विचारते तसं. तरी माझे कान तापले. एवढी चित्रं घरात लावली, भेट दिली – विचारायचं कधी मनातसुद्धा आलं नाही.

जुई चित्राकडे बघत होती. "आजी, वाडी व्हायच्या आधी त्या कुठे राहायच्या?"

म्हटलं, उद्या शशीआजोबांना विचारू. माझा धाकटा भाऊ शशिकांत, वाडी तोच बघतो. निदान वाडीची गोष्ट तरी निघाली! मी खूश.

२३ मार्च

शशीला फोन केला. "ताई, आता कशाला उकरतेस?" तो हसला. "जमीन त्यांचीच होती. आपल्या आजोबांनी कागदावर अंगठे घेतले. वाचता कुणाला येत होतं? मग तीच माणसं आपल्याकडे कामाला यायला लागली."

फोन स्पीकरवर होता. जुईनेच लावून दिला होता, शेजारीच बसली होती. तिला सगळं समजलं.